ट्रायँगल एक्स: पार्कच्या जमिनीवर टिकलेलं गेस्ट रँच

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन होल खोऱ्याची उंची सुमारे २,००० मीटर. पीक घ्यायला उन्हाळ्याचे मोजके आठवडे मिळतात आणि गुरं ठेवली तर अर्धं वर्ष साठवलेली वैरण घालावी लागते. त्यामुळे पैसे देऊन राहणारे पूर्वेकडचे शहरी पाहुणे इथल्या रँचवाल्यांना गुरांपेक्षा परवडले. बर्फ पडायच्या आत ते आपापल्या घरी जात. १९०८ मध्ये फेल्प्स तलावाकाठी जेवाय सुरू झालं, १९१२ मध्ये स्नेक नदीकाठी बार बीसी, त्यापाठोपाठ १९१३ मध्ये व्हाइट ग्रास. ट्रायँगल एक्स त्या मानाने उशिराचं, टर्नर कुटुंबाने १९२६ मध्ये सुरू केलेलं. आज ग्रँड टीटॉन राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे इथल्या पार्कच्या, जमिनीवर त्याच्या परवान्याने पाहुणे ठेवणारं जुनं रँच म्हणून तेच उरलं आहे.

ते उरलं कसं, हे समजून घेऊन जावं. धनाढ्य उद्योगपती घराण्यातल्या रॉकफेलर यांच्या स्नेक रिव्हर लँड कंपनीने खोऱ्यातली जमीन शांतपणे विकत घेतली. ती पुढे सरकारकडे गेली आणि १९५० मध्ये वाढवलेल्या ग्रँड टीटॉन राष्ट्रीय उद्यानात आली. टर्नरांनीही जमीन विकली, पण धंदा सोडला नाही: आधी भाडेपट्टा, नंतर पार्कचा परवाना. बार बीसीत मात्र तहहयात भाडेपट्टा होता. तो संपला की जागा पार्ककडेच जाणार, मग दुरुस्तीवर खर्च कोण करणार? तिथल्या केबिन नीट बघा. जमिनीला टेकलेला सगळ्यात खालचा ओंडका आधी कुजतो. तो बसला की वरच्या ओंडक्यांमधल्या फटींचा गिलावा तडकतो, पाणी आत शिरतं आणि भिंत कलते. व्हाइट ग्रास १९८५ मध्ये बंद झालं, पण पार्कने तिथल्या केबिन दुरुस्त करून जुनी बांधकामं जपण्याचं प्रशिक्षण केंद्र थाटलं. ही दोन्ही ठिकाणं पाहून ट्रायँगल एक्सवर आलात तर तिथल्या साध्या केबिनची किंमत खरी कळते.

रँच जॅक्सन गावाच्या उत्तरेला, मोरनकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. या रस्त्यावर पार्कचं प्रवेशद्वार लागत नाही. मूस या वस्तीहून आतल्या रस्त्याने बार बीसीकडे जायचं तर लागतं, आणि शेवटचा टप्पा कच्चा आहे. रँचसमोर टीटॉन पर्वतांची अख्खी रांग दिसते. या दृश्याला तोड नाही, आणि ते घोड्यावरूनच पाहावं.

घोडेस्वारीत नवख्यांचं बिघडतं ते ठरलेल्या दोन-तीन ठिकाणी. बूट साधारण इंचभर टाचेचा हवा, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर घोडा फरपटत नेतो. रिकिबीत उभं राहिल्यावर बूड आणि खोगीर यांच्यात तळहात मावावा. रिकिबी आखूड असतील तर संध्याकाळपर्यंत गुडघे धरतात. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर तो पुन्हा आवळून घ्यावा. रँगलर, म्हणजे रँचवरचा घोडे सांभाळणारा, ते करतोच, पण आपणही आठवण करावी. बसता येतं की नाही हे त्याला खरं सांगा, वजनही. घोडा त्यावरच ठरतो, आणि इथे फुशारकी अंगाशी येते.

जुलैतही पहाटे हात गारठतात आणि दुपारनंतर विजांसह पाऊस येऊ शकतो, म्हणून लांबची फेरी सकाळीच घ्यावी. पहिल्या दिवशी उंची जाणवते. त्या दिवशी छोटी फेरी पुरे, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहावं.

हॉटेलसारखा थाट हवा असेल तर इथे येऊ नका. ओंडक्यांची केबिन आणि सगळ्यांसोबत एका टेबलावर जेवण, हीच इथली रीत. दोन रात्रींत घोड्याशी ओळखही होत नाही. आठवडा काढता येत असेल तर मात्र खोऱ्यात याच्याइतकी अस्सल जागा दुसरी सुचवता येणार नाही.