चेतकचा सिलिंडर आणि बोटींचे मेस्त्री

टू-स्ट्रोक स्कूटरचं इंजिन घरच्या पडवीत उघडता येतं आणि पडवीतच पुन्हा बांधता येतं. दोन कामं मात्र घरी होत नाहीत: सिलिंडर बोअर करणं (म्हणजे झिजलेली भिंत आतून कापून मोठी करणं) आणि क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा दांडा) दाबून बसवणं. या दोन कामांसाठी मी रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. हा अभिप्राय तेवढ्यापुरताच. दुकानाला नाव नाही. पत्र्यावर ऑइलपेंटने ‘बोअरिंग, होनिंग, क्रँक, हेड फेसिंग’ लिहिलंय, त्यातलं शेवटचं अर्धं गंजाने खाल्लंय. गिऱ्हाईक बहुतेक ट्रॉलरवाले. दारात सहा सिलिंडरचे डिझेल ब्लॉक उपडे पडलेले आणि त्यांच्यात माझा ओंजळीत मावणारा सिलिंडर.

गाडी १९९१ ची बजाज चेतक स्कूटर. लांज्याला शेजाऱ्यांच्या गोठ्यात वर्षानुवर्षं उभी होती, भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायच्या आधी मी मागून घेतली. १४५.४५ सीसी, बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७. इतकं साधं इंजिन की पतपेढीत दिवसभर व्याजाचे आकडे मोडून आल्यावरही संध्याकाळी डोकं चालतं. पण कोकणात उभी राहिलेली टू-स्ट्रोक आतून वेगळीच सडते. हिच्या क्रँककेसमध्ये तेल साठलेलं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं जे तेल जाईल तेवढ्यावरच बेअरिंगं जगतात. गाडी उभी राहिली की तो पातळ थर उतरतो आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या उघड्या राहिलेल्या खिडक्यांमधून, म्हणजे पोर्टमधून, पावसाळी, खारट हवा आत शिरते. माझ्या क्रँकचं बिग-एंड (पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला जोडतो ते टोक) हाताने फिरवलं तर कराकरा वाजायचं. पिस्टनच्या रिंगा खाचांतच चिकटून बसलेल्या. सिलिंडरला वरच्या बाजूला नखाला लागणारी कडा.

पहिल्या भेटीत मेस्त्रींनी सिलिंडरकडे बघितलंच नाही.

“पिस्टन कुठाय?”

ऑनलाइन मागवलेलं खोकं मी पुढे केलं. दुसऱ्या ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा दोन पायऱ्या मोठा) पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप. त्यांनी खोकं बाजूला ठेवलं, पिस्टन कापडाने पुसला, मायक्रोमीटर काढला आणि पिस्टनच्या खालच्या भागात, पिनच्या आडव्या दिशेने माप घेतलं. पिस्टन नेमका गोल नसतो, वरून खालीही सारखा नसतो, म्हणून माप तिथलंच धरायचं. मग मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.

“ताई, खोक्यावर काय लिवलंय ते मी वाचत नाय. हे काय बोलतंय ते तुम्हीच बगा.”

खोक्यावर दुसरा ओव्हरसाइज, आत पिस्टन पहिल्याचा. पॅकिंग करताना कुणीतरी अदलाबदल केली असणार. खोक्यावर विश्वास ठेवून बोअर मारला असता तर पिस्टन आत खुळखुळला असता. एकदा कापलेलं लोखंड परत येत नाही, आणि जुन्या गाडीचा सिलिंडर काही दर आठवड्याला बाजारात येत नाही. पहिलाच ओव्हरसाइज का नको, हेही त्यांनी दाखवलं. भोकाचं आतलं माप घेणारं डायल बोअर गेज वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं फिरवून. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर जातो त्या, बाजूला झीज एवढी की पहिल्या ओव्हरसाइजला भिंत पूर्ण साफ झालीच नसती. “पिस्टन बदलून आणा, तोवर कापणार नाय.” त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

ज्या दुकानात पिस्टन हातात घेतल्याशिवाय सिलिंडर मशीनवर चढत नाही, तिथे काम द्यायला हरकत नाही. उलटही खरं. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मी नुसती चौकशी केली होती, तर “ठेवून जा, मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा” असं उत्तर मिळालं. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, ती पिस्टनशिवाय मोजणार कशी?

आणखी एक गोष्ट आवडली. “बांधणार कोण?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. “बरं.” एवढंच. त्यानंतरचं सगळं बोलणं माझ्याशी झालं, सोबत आलेल्या माझ्या चुलतभावाशी नाही. त्याला नटबोल्टातलं काही कळत नाही, तरी स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत उत्तरं त्याच्याकडे बघूनच दिली जातात.

बदललेला पिस्टन आल्यावर बोअरिंग आणि होनिंग (कापलेली भिंत दगडाने घासून तिला बारीक रेघा देणं) झालं, एका दिवसात. एसटीने गेले. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट, सिलिंडर कापडी पिशवीत मांडीवर. होनिंगच्या तिरक्या रेघा वरपासून खालपर्यंत एकसारख्या. माझी भीती पोर्टांची होती. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात, आणि बोअर केल्यावर त्यांच्या कडांना धार येते. ती धार मोडली नाही तर रिंग अडकते आणि तुटते. रोज बोटींच्या इंजिनांचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) कापणाऱ्या माणसाला हे आठवेल का? आठवलं. एक्झॉस्टची कड फाइल आणि बारीक एमरीने छान मोडलेली होती. ट्रान्सफर पोर्टांच्या (ताजं मिश्रण वर नेणाऱ्या खिडक्यांच्या) खालच्या कडा मात्र बोटाला लागत होत्या, त्या मी घरी घासल्या. यासाठी अर्धा गुण कापते.

क्रँकचं काम या माणसाचं खरं कसब. चेतकचा क्रँक एकसंध नसतो. दोन चकत्या एका पिनेवर दाबून बसवलेल्या असतात, मध्ये पिस्टनला जोडणारा रॉड आणि सुयांचं बेअरिंग. जुना रॉड काढायचा तर चकत्या प्रेसवर सुट्या कराव्या लागतात, आणि परत दाबल्यावर दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत येतीलच असं नाही. मेस्त्रींनी क्रँक दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही टोकांना डायल लावले आणि तांब्याच्या हातोड्याने चकतीच्या कडेवर एकेक टोला देत डायलची सुई स्थिर होईपर्यंत फिरवत राहिले. टोला कुठे आणि किती जोराने, हे डायल सांगत नाही. शेवटी मला म्हणाले, “फिरवा तुम्ही.” सुई मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आत. मध्येच लाईट गेली, तेव्हा उंबऱ्यात बसून चहा. चहा चांगला नाही.

चेतकमध्ये क्रँकची एक चकती व्हॉल्व्हचंही काम करते. क्रँककेसच्या आतल्या घासून सपाट केलेल्या पट्टीजवळून ती फिरते आणि कार्बोरेटरकडून येणारी वाट उघडते, बंद करते. त्या पट्टीवर गंजाचे खोल ओरखडे असतील तर बाकी सगळं नवं घालूनही गाडी नीट चालत नाही. मी केसचा अर्धा भाग दाखवायला नेला होता. त्यांनी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितलं, टॉर्च मारला, आणि हे चालेल म्हणाले. वेल्डिंग करून पट्टी नव्याने चढवायचं काम काढून पैसे उकळता आले असते. तसं केलं नाही.

दर असा: बोअरिंग-होनिंग साडेपाचशे, क्रँक सातशे, रॉडचा किट माझा. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून मिळतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की होन केलेला सिलिंडर त्यांनी कोरडाच वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. जुलैचा महिना, एसटीच्या खिडकीतून पागोळ्या आत. लांज्याला पोचेपर्यंत भिंतीवर तांबूस छटा आलेली. बीडाचं ताजं कापलेलं लोखंड आपल्या हवेत एवढंही थांबत नाही. वरवरची होती, निघाली, पण चिडचिड झाली. तेव्हा इंजिन ऑइलची छोटी बाटली आणि प्लास्टिकची पिशवी घरून न्या, आणि त्यांच्यासमोरच बोटाने तेल चोपडा. घरी आल्यावर सिलिंडर गरम पाणी आणि साबणाने घासून धुवायचाच, नुसत्या पेट्रोलने होनिंगची पूड रेघांमधून निघत नाही. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर आलं की लगेच पुसून पुन्हा तेल.

दुसरी तक्रार वेळेची, पण त्याला ते तरी काय करणार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. सगळ्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि सगळ्यांची इंजिनं याच दोन महिन्यांत निघतात. आपल्यालाही पावसाळ्यातच पडवीत बसून इंजिन बांधायला सवड असते. म्हणजे नेमकी गर्दीत गर्दी. माझा क्रँक तिथे एका लायनरखाली बरेच दिवस पडून होता आणि फोन कुणी उचलत नव्हतं. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की दुकान रिकामं, पण मग गणपती येतात, आणि गणपतीत रत्नागिरीत कोणाला क्रँकचं विचारू नये. दिवाळीनंतर जा, किंवा मग एप्रिलमध्ये, आंब्याच्या पेट्यांच्या धांदलीत वेळ निघत असेल तर.

बाकीचं काम घरचं. बेअरिंगं आमरसाच्या डब्यांशेजारी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवली, केस हॉटप्लेटवर तापवली, बेअरिंगं आपल्या वजनाने आत बसली. दोन्ही ऑइल सील नवी. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं, फ्लायव्हीलकडचं गेलं तर फाजील हवा ओढून आपोआप रेस होतं, म्हणून तिथे काटकसर नको. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गाडी दुसऱ्या किकला लागली. आता रत्नागिरीहून हातखंब्याकडे चढताना मागे माणूस असला तरी तिसऱ्या गिअरमध्ये जाते आणि इंजिनचं हेड वाजत नाही.

दुपारी एक ते तीन दुकान बंद. रस्ता अरुंद आहे, मासळीचे टेम्पो उलटे येतात, गाडी वरच लावून चालत उतरा. पिस्टन सोबत न्या, नाहीतर परत पाठवतील.