कुत्रा हाती येण्याआधी पैसे मागितले तर: दत्तकाच्या नावाखाली चालणारी लुबाडणूक

"चांगल्या घरी मोफत द्यायचंय, फक्त वाहतुकीचा खर्च तुमचा." रेस्क्यूच्या, म्हणजे बेवारस प्राण्यांना वाचवून घर मिळवून देण्याच्या, कामातल्या माणसांना ही ओळ आता पाठ झाली आहे. गंडवले गेलेले लोक मदत मागायला येतात तेव्हा त्यांच्या फोनमधलं संभाषण बहुतेकदा इथूनच सुरू झालेलं असतं. सोबत फोटो: दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू, मान किंचित कलती, गळ्यात रिबीन. आणि कारण असं की पुढचा प्रश्न विचारायचीच लाज वाटावी. मालक वारले, घरमालकाने दोन दिवसांची मुदत दिली, निवारा बंद होतोय आणि आठवडाअखेर कुत्र्यांना मारायचं इंजेक्शन देणार आहेत.

पैसे लगेच मागत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. आधी तुमची परीक्षा घेतल्याचं सोंग होतं. घर केवढं, लहान मुलं आहेत का, आधी कुत्रा पाळलाय का. दोन दिवसांनी "आम्ही तुमचीच निवड केली" असा निरोप येतो आणि माणूस हुरळून जातो. मग नोंदणीची किरकोळ रक्कम. ती भरली की वाहतूक. वाहतूक भरली की "पिल्लू लहान आहे, तापमान सांभाळणारा पिंजरा लागेल". मग विमा, जो म्हणे पिल्लू पोचताच परत मिळतो. मग मधल्याच एखाद्या विमानतळावर आरोग्य प्रमाणपत्र अडतं. नवी मागणी बहुतेकदा आतापर्यंत गेलेल्या पैशांपुढे लहान वाटेल अशी ठेवलेली असते, म्हणजे आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो. हात आखडता घेतलाच, तर शेवटी धमकी: पिल्लू आता तुमच्या नावावर आहे, पैसे भरले नाहीत तर प्राण्याला वाऱ्यावर सोडल्याची तक्रार होईल. या धमकीला शून्य अर्थ आहे. जे जनावर तुमच्या ताब्यात कधी आलंच नाही, ते तुम्ही टाकून कसं देणार?

या साखळीतल्या बहुतेक कड्या नीट पाहिल्या तर तिथल्या तिथे तुटतात. प्राण्यांचा पिंजरा म्हणजे हवेशीर, पक्क्या दाराची पेटी. कुत्र्याला आत सरळ उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे, एवढी त्याची मुख्य अट. त्याला स्वतःचा एसी नसतो. तापमान आणि हवेचा दाब सांभाळायची सोय विमानाच्या ज्या कप्प्यात प्राणी ठेवतात त्या कप्प्यातच असते. आरोग्य प्रमाणपत्र पशुवैद्य निघण्याआधी देतो आणि पिंजरा ताब्यात घेतानाच कागद तपासले जातात. वाटेत मध्येच त्याचे पैसे उपटत नाहीत. ८ आठवड्यांखालचं पिल्लू तर बहुतेक विमान कंपन्या घेतच नाहीत, त्यामुळे "सहा आठवड्यांचं आहे, उद्याच्या विमानाने पाठवतो" हे वाक्य स्वतःच स्वतःला खोटं पाडतं.

आता ट्रॅकिंग नंबर. लोकांचा विश्वास इथे पक्का बसतो, कारण वेबसाइटवर नंबर टाकला की नकाशावर विमान सरकताना दिसतं. ती वेबसाइट त्याच माणसाची असते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कधी नोंदलं गेलं ते 'हू इज' (WHOIS) या इंटरनेटवरच्या शोधात कोणालाही बघता येतं. "वीस वर्षांच्या अनुभवी" वाहतूक कंपनीचं डोमेन महिन्याभरापूर्वीचं निघालं की बाकी काही बघायची गरज उरत नाही. पण त्याहून झटपट तपासणी नंबरातच आहे. विमानाने माल पाठवताना जी पावती मिळते तिला एअर वेबिल म्हणतात; तिचा नंबर ११ अंकी असतो. पहिले ३ अंक विमान कंपनीचे, पुढचे ८ त्या पावतीचे. या ८ अंकांतला शेवटचा अंक तपासणीचा: आधीच्या ७ अंकी संख्येला ७ ने भागायचं, जी बाकी उरेल तोच आठवा अंक. उदाहरणार्थ १२३४५६७ ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते, म्हणजे नंबर १२३४५६७५ असा हवा. शेवटचा अंक ७, ८ किंवा ९ असेल तर कागद-पेन्सिलही नको, तो नंबर बनावट. गणित जुळलं म्हणजे नंबर खरा, असं मात्र नाही. पहिल्या तीन अंकांवरून कंपनी कोणती ते काढा आणि त्या कंपनीच्या मूळ कार्गो पानावर नंबर स्वतः टाइप करा. त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका.

फोटो इंटरनेटवरच्या शोधात टाकून तो आधी कुठे वापरलाय ते बघायचा (रिव्हर्स इमेज सर्च) सल्ला सगळेच देतात. तो अपुरा आहे. चोरलेला फोटो आरशासारखा उलटवला किंवा कडेने कापला की शोध चुकतो. म्हणून तुम्हीही तो उलटवून, फक्त कुत्र्यापुरता कापून पुन्हा शोधा. खरा कस लागतो थेट व्हिडिओ कॉलवर, आणि तोही तुम्ही सांगाल ते करून दाखवायला लावल्यावर. डावा कान वर करा. वरचा ओठ उचलून दात दाखवा. कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून पंजाशेजारी धरा. आधीच चित्रित केलेला व्हिडिओ लावणाऱ्याचं नेटवर्क नेमकं याच क्षणी जातं. नुसता तारखेच्या कागदाचा फोटो आता पुरावा मानू नका, तो संगणकावर मिनिटात तयार होतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. फी घेतली म्हणजे लुबाडलं, असं नाही. लसी, जंतनाशक, नसबंदी, ओळखीची चिप यांचा खर्च असतो आणि चांगल्या संस्था त्यातला काही भाग मागतात. फरक वेळेचा आहे. तिथे आधी अर्ज, मग घरभेट, मग कुत्र्याची गाठ, आणि फी कुत्रा सोपवताना, पावतीसह, संस्थेच्या खात्यात. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, किंवा दरवेळी वेगळ्या माणसाचं खातं, यांतलं काही आलं की बोलणं थांबवा.

दुसरा प्रकार आम्हाला जास्त त्रासदायक वाटतो, कारण त्यात कुत्रा खरा असतो. व्यापारासाठी पिल्लं पैदा करणारे लोक 'रेस्क्यू' हा शब्द वापरून तीच पिल्लं विकतात. ओळखायच्या खुणा: कायम पिल्लंच, तीही मागणी असलेल्या जातींची, जातीप्रमाणे बदलणारी 'फी', नसबंदीचं नावही नाही, आणि गाठ कुठेतरी रस्त्याच्या कडेला, त्यांच्या जागेवर कधीच नाही. आई दाखवायला सांगा. आई रस्त्यावर मेली, हे एखाद्या वेळी खरं असतं. दर वेताला मरत नाही.

या व्यवहारात हाती येणारं लसींचं कार्ड बारकाईने वाचा. प्रत्येक नोंदीपुढे लसीच्या कुपीवरून काढलेलं स्टिकर हवं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत हवी, शेजारी डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. मुदत लस दिल्याच्या तारखेआधी संपलेली नाही ना, ते पाहा. बॅच दोन नोंदींत सारखा असणं संशयास्पद नाही, दवाखाने खोक्याने लस घेतात. पण महिन्याच्या अंतराच्या तीन नोंदी एकाच पेनाने, एकाच शाईत, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसत असतील, तर दवाखान्याचा फोन नंबर स्वतः शोधून विचारा; कार्डावरच्या नंबरवर नको. तारखाही बोलतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरची एकत्रित लस साधारण ६ ते ८ आठवड्यांना सुरू होते आणि २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत चालते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते. म्हणून "सात आठवड्यांचं, सगळ्या लसी पूर्ण" असं काही नसतं. रेबीजची लस सहसा १२ आठवड्यांच्या सुमारास देतात. सहाव्या आठवड्यातली नोंद दिसली तर एक तर वय खोटं, नाहीतर नोंद खोटी.

वय दातांवरून ताडता येतं. दुधाचे दात २८, सुईसारखे टोकदार. समोरचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात, सहा-सात महिन्यांत पक्के ४२ दात येतात. कार्डावर पाच महिने आणि तोंडात सगळे दुधाचे दात, तर ते कार्ड बहुधा दुसऱ्या कुत्र्याचं आहे.

चिपच्या बाबतीतही असंच. कार्डात बारकोडचं स्टिकर चिकटवलेलं असतं आणि कुत्र्यात चिपच नसते, असं घडतं. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचलेली. आंतरराष्ट्रीय मानकाची असेल तर नंबर १५ अंकी. तिच्यात फक्त नंबर असतो. मालकाचं नाव नोंदणीच्या यादीत असतं आणि ठावठिकाणा कुठेच कळत नाही. कोणत्याही दवाखान्यात स्कॅनर सावकाश फिरवायला सांगा, फक्त मानेवर नाही तर दोन्ही खांद्यांवरून कोपरापर्यंत, कारण चिप सरकते. नंबर निघाला पण नोंद तिसऱ्याच माणसाच्या नावावर असेल, तर कुत्रा चोरीचा असू शकतो. त्या माणसाशी बोलणं झाल्याशिवाय कुत्रा घरी नेऊ नका.

मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत औषधाने दोष झाकतात. चावरा किंवा घाबरट कुत्रा भेटीच्या दिवशी "फार शांत आहे हो" म्हणून दाखवतात आणि तो खरोखर शांत असतो, कारण गोळी दिलेली असते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा अर्धा वर आलेला, मागचे पाय किंचित लडबडणारे, आवाजाला उशिरा वळणारी मान, नाकासमोर खाऊ धरला तरी अनास्था: हे स्वभावाचं लक्षण नव्हे. आजारी कुत्र्यातही हे दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंनी थांबणंच बरं. न कळवता, वेगळ्या वेळी दुसरी भेट घ्या. खरुज झाकायला लांब टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. काही आठवडे खाज दबते, कुत्रा पाणी खूप पितो, लघवी खूप करतो. असर ओसरला की कातडी पुन्हा पेटते. कानाच्या कडा, कोपरं आणि पोटाखालची विरळ लव बघा, आणि डॉक्टरकडून त्वचा खरवडून तपासणी करून घ्या.

आता उलट बाजू. फसवणारे दत्तक घेणारेही असतात, आणि तिथे पैशांऐवजी कुत्रा जातो. जातिवंत कुत्रा फुकट घेऊन चार दिवसांत विकायचा, किंवा मादी विणीसाठी बांधून ठेवायची. असा माणूस स्वभाव, आजार, आहार यांबद्दल विचारत नाही. नसबंदी झाली आहे का, हे मात्र पहिल्या दोन प्रश्नांत येतं. त्याला आजच हवं असतं, न्यायला तो दुसऱ्यालाच पाठवतो, घरभेटीला दर वेळी अडचण निघते. यावर सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे नसबंदी करूनच कुत्रा देणं. पिल्लू फार लहान असेल तर करारात तारीख आणि दवाखाना लिहून घ्या. चिपच्या नोंदीत दुसरा संपर्क म्हणून संस्थेचा नंबर राहू द्या. ओळखपत्रावरचा पत्ता आणि भेट दिलेलं घर एकच आहे ना, ते बघा. ठेवता आलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत, हे कलम ठळक हवं, आणि पहिला आठवडा, पहिला महिना, तिसरा महिना असे फोटो ठरवून मागा. "विश्वास नाही का?" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणायला संकोचू नका.

देणग्यांचं थोडक्यात. जखमी कुत्र्याचा फोटो आणि खाते क्रमांक एवढंच असेल तर दवाखान्याचं नाव विचारा, तिथे फोन करून कुत्रा दाखल आहे का ते विचारा आणि पैसे थेट दवाखान्याच्या बिलावर भरा. सुटकेच्या व्हिडिओत कॅमेरा मदतीआधीच पोचलेला असेल, दोन-तीन कोनांतून चित्रण असेल, तर तो कुत्रा तिथे नेऊन ठेवलेला असण्याची शक्यता मोठी.

फसला असाल तर आधी बँक. पहिल्या तासात व्यवहार थांबण्याची थोडी तरी आशा असते, नंतर पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. मग प्रोफाइल, संभाषण, खाते क्रमांक, वेबसाइटचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट काढा आणि त्यानंतरच समाजमाध्यमावरच्या त्या खात्याची तक्रार नोंदवा. आधी केलीत तर ते बंद होऊन पुरावा तिथेच राहील. सायबर पोलिसांकडे लेखी द्या. काही दिवसांत "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा" असा फोन येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेल्याचा असतो.

पिल्लू हाती आलं आणि तीन ते सात दिवसांत उलट्या, रक्ताळ जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. विष्ठेवरून पार्व्होची प्राथमिक चाचणी सुमारे १० मिनिटांत होते. विकणाऱ्याकडे "बदलून द्या" म्हणून परत नेऊ नका, तो तेच पिल्लू दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारेल. फरशी आणि भांडी आधी साबणाने धुवा, मग साधं घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं मिश्रण १० मिनिटं ओलं राहू द्या. अल्कोहोलने हा विषाणू मरत नाही. मातीत तो कित्येक महिने तग धरतो, म्हणून लसी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या अंगणात आणू नका.