ऑनलाइन मतदार अर्ज नामंजूर : पुन्हा अर्ज करायचा, अपील करायचं की हायकोर्टात जायचं?

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत घणसोलीत नव्याने राहायला आलेल्या माणसाचा मतदार नोंदणीचा ऑनलाइन अर्ज नामंजूर झाला, तर त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. नवा अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आणि उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे अधिकाऱ्याला आदेश देण्याची मागणी करणारा अर्ज. यातला कोणता घ्यायचा हे नामंजुरीच्या कारणावरून ठरतं, म्हणून आधी ते कारण लेखी मिळवा. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर संदर्भ क्रमांक टाकल्यावर दिसणारा एका ओळीचा शेरा पुरेसा नाही. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आदेशाची प्रत मागणारा अर्ज द्या आणि आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पुढे अपील करायचं असेल तर त्याला हीच प्रत जोडावी लागते.

कागद अपुरा होता, फोटो अस्पष्ट होता किंवा बीएलओ (घरोघरी पडताळणीला येणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आला तेव्हा घर बंद होतं, अशी कारणं असतील तर अपिलात वेळ घालवू नका, नवा अर्ज भरा. फक्त अर्जाचा नमुना (फॉर्म) बरोबर निवडा. नमुना ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. डोंबिवलीच्या यादीत नाव असून ठाण्यात राहायला आलात, तर २०२२ पासून मतदारसंघ बदलला तरी स्थलांतराचा अर्ज नमुना ८ वरच होतो. असे लोक चुकून नमुना ६ भरतात आणि 'माझं नाव इतरत्र नाही' या प्रतिज्ञेखाली सही करतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ नुसार खोट्या प्रतिज्ञेला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे हा प्रकार किरकोळ समजू नये.

भाडेकरूंचं बहुतेक वेळा पत्त्याच्या पुराव्यावर अडतं. वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं, ते चालत नाही. नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा, नोटरी केलेला करार ग्राह्य पुराव्यांच्या यादीत नाही. नवा पत्ता घातलेलं बँकेचं सध्याचं पासबुक हा सगळ्यात सोपा उपाय. यातलं काहीच नसेल, तरी तेवढ्यावर अर्ज बाद होत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष घरी येऊन पडताळणी करणं आवश्यक असतं आणि ती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

पोर्टलच पुढे जाऊ देत नसेल तर? सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन अर्जाला आधारवर आधारलेली ई-स्वाक्षरी, म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने करायची सही, जोडली गेली. मोबाइल आधारशी जोडलेला नसेल किंवा अर्जात आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर अर्ज शेवटच्या पायरीवर अडतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना आणि घरात एकच मोबाइल असलेल्या कुटुंबांना याचा फटका बसतो, आणि हे अन्यायाचंच आहे. आधार क्रमांक देणं बंधनकारक नाही, असं खुद्द निवडणूक आयोगाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. तरीही एवढ्यावरून थेट कोर्टात जाऊ नका. कागदी अर्जाची वाट खुली असताना ती का घेतली नाही, हाच पहिला प्रश्न न्यायालय विचारेल. तोच नमुना कागदावर भरा, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा फोटो लावा, बीएलओकडे किंवा कार्यालयात द्या आणि अर्जाच्या तळाशी असलेली पोच फाडून घ्या. कागदी अर्जही घेतला नाही किंवा घेऊन निर्णय दिला नाही, तर मात्र तुमच्या तक्रारीला भक्कम पाया मिळतो.

'अर्जदार इथला सर्वसाधारण रहिवासी नाही' किंवा त्यासारखं मूळ पात्रतेवरचं कारण असेल, तर तोच अर्ज पुन्हा भरून तेच उत्तर येण्याचा संभव मोठा. इथे अपील करा. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २४ खाली पहिलं अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, आदेशाच्या तारखेपासून १५ दिवसांत करायचं. दुसरं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. मोबाइलवर संदेश आला ती तारीख धरू नका, आदेशावरची धरा. वकील नसला तरी चालतं. दोन पानांचं निवेदन पुरतं: अर्ज कधी केला, कोणते कागद दिले, कोणत्या कारणाने नाकारला, ते कारण का टिकत नाही. कलम २० हाताशी ठेवा. तिथे नुसतं घर मालकीचं असल्याने कुणी रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेरगावी गेल्याने रहिवास संपतही नाही. उलव्यात गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन प्रत्यक्षात मुलुंडला राहणाऱ्याचं अपील याच कलमावर पडेल. नेरूळला वर्षानुवर्षं भाड्याने राहणाऱ्याचं उभं राहील.

यादीत असलेलं नाव तुम्हाला न कळवता वगळलं असेल, तर अपिलाची बाजू आणखी भक्कम होते. नाव काढण्याआधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे, हे कलम २२ मध्ये आहे. १९९५ च्या लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं.

अपील कुठे द्यायचं, यात नवी मुंबईकरांची फसगत होते. ऐरोली आणि बेलापूर मतदारसंघ ठाणे जिल्ह्यात, म्हणून अपील ठाण्याला, कोर्ट नाक्याजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल मतदारसंघात, म्हणजे रायगड जिल्ह्यात; तिथल्यांना अलिबाग गाठावं लागतं. पंधरातले चार दिवस चुकीच्या टेबलावर गेले तर भरून येत नाहीत. आणि कोर्ट नाक्यावरच दिवाणी न्यायालय आहे म्हणून तिथे दावा लावायचा विचार करू नका. कलम ३० ने तो मार्ग बंद केला आहे.

रिट याचिका खर्चिक, आणि अपील न करता गेलात तर 'आधी तिकडे जा' हे ऐकावं लागण्याची शक्यता मोठी. ती योग्य ठरते ती दोन प्रसंगांत: अधिकारी निर्णयच देत नाही तेव्हा, किंवा अडचण नियमातच आहे आणि ती दूर करणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही तेव्हा. २०२५ मध्ये मुंबईतल्या १८ वर्षांच्या एका तरुणीचा अर्ज पात्रतेच्या तारखेमुळे, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झाली की नाही हे ज्या दिवशी मोजतात त्या तारखेमुळे, अडला. मुंबई उच्च न्यायालयाने तिचं नाव यादीत घातलं नाही. सहा आठवड्यांत अर्जावर निर्णय घ्या, असं अधिकाऱ्याला सांगितलं. हायकोर्टाकडून साधारण एवढंच मिळतं, हे धरूनच खर्चाचा हिशेब करा.

कोणताही मार्ग घेतला तरी घड्याळ एकच. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर कलम २३ नुसार त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही. प्रत्येक नव्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यातला अर्ज बहुधा उपयोगाचा नसतो. महापालिकेला तर आणखी आधी यादी गोठते. ठाणे आणि नवी मुंबईच्या १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी घेतली होती. पालिकेच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊन प्रभाग चुकल्याची दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव तिथे नव्याने घालता येत नाही.