टॅरँटुलाची पिल्ले: हीट मॅट घ्यावी की थर्माकोलची पेटी?

टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्याचे पिल्लू नव्याने घरी आणणारा माणूस बहुधा आधी उबेची चौकशी करतो, कारण या विषयावरची बरीचशी माहिती थंड देशांतल्या पाळणाऱ्यांनी लिहिलेली असते. सांगली-साताऱ्यात मात्र हिशेब उलटा आहे. बहुतेक पाळीव जातींच्या पिल्लांना २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ते १८ पर्यंत उतरले तर पिल्लू कमी खाते आणि कात टाकणे लांबवते, पण तेवढ्याने सहसा मरत नाही. तापमान ३२च्या वर रेंगाळू लागले की मात्र काळजी करावी, कारण सेंटीमीटरभर पिल्लाच्या अंगातले पाणी फार लवकर उडते आणि त्याची डबी इतकी लहान असते की तिच्यातली हवा खोलीबरोबरच तापते. म्हणून पुढील साधनांची तुलना करताना, ते ऊब किती देते यापेक्षा एप्रिलच्या दुपारी त्याचा उपयोग किती, हे मी अधिक महत्त्वाचे मानले आहे.

हीट मॅटचा, म्हणजे विजेवर तापणाऱ्या पातळ चादरीचा, मोठा गुण असा की थर्मोस्टॅट जोडला तर ती ठरवलेल्या तापमानावर आपोआप बंद-चालू होते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या वस्तीत जानेवारीच्या पहाटे खोली बरीच गार पडते, तेथे ती उपयोगी आहे. मात्र थर्मोस्टॅटशिवाय ती घेऊच नये, आणि डबीखाली तर कधीच ठेवू नये. उकडू लागले की कोळी मातीत खाली जातो, कारण निसर्गात खाली गारवा असतो. मॅट खाली असेल तर जीव वाचवण्याची तीच सवय त्याला थेट चटक्याकडे नेते. मॅट एका मोठ्या पेटीच्या आतल्या बाजूच्या भिंतीला लावावी, डब्या तिच्यापासून चार बोटे दूर ठेवाव्यात, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) मोकळा लोंबकळत न ठेवता तशाच मातीने भरलेल्या एका रिकाम्या डबीत खोचावा, म्हणजे पिल्लाला जाणवते तेच तापमान मोजले जाते. उन्हाळ्यात ही सारी जुळवणी अर्थातच कपाटात जाते.

बल्बचा विचार करू नये. तो हवा कोरडी करतो, आणि ही पिल्ले उजेडापासून दूर पळणारी असतात.

थर्माकोलची पेटी दिसायला साधी, पण दोन्ही ऋतूंत कामाला येते. ती स्वतः ऊब किंवा गारवा देत नाही, बाहेरचा बदल आत पोहोचायला वेळ लावते, आणि पिल्लाला नेमके तेच हवे असते. हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे करत, त्यामागेही जमिनीखालच्या त्याच स्थिर हवेचा आधार होता. थंडीत कोमट पाण्याची बाटली आणि उन्हाळ्यात फ्रीजरमधील बर्फाची बाटली, दोन्ही जाड फडक्यात गुंडाळून, एका कोपऱ्यात ठेवावी. झाकणाला व बाजूंना भोके हवीत, नाहीतर ओल कोंडून बुरशी धरते. दोष एकच: बाटली वेळेवर बदलणारे माणूस घरात लागते, आणि दुपारी दोन वाजता ते असतेच असे नाही.

एअर कूलर सांगलीच्या कोरड्या एप्रिलमध्ये खोली चांगली गार करतो आणि हवेला ओलही देतो; वळीव सुरू होऊन हवा दमट झाली की त्याचा प्रभाव कमी होतो. एसीने तापमान हवे तसे राखता येते, पण हवा कोरडी पडत असल्याने डबीतील मातीचा एक कोपरा रोज ओला करावा लागतो. शिवाय वीज गेली तर दोन्ही बंद, त्यामुळे डब्या एसीच्या खोलीतही थर्माकोलच्या पेटीतच ठेवाव्यात असे माझे मत आहे.

साताऱ्यातील तळमजल्यावरच्या उत्तराभिमुख खोलीत राहणाऱ्याने पेटी आणि डिजिटल थर्मामीटर एवढेच घ्यावे. पहाटे सतत १८च्या खाली आकडा दिसला तरच थर्मोस्टॅटसह मॅटचा खर्च करावा. सांगलीत मात्र मॅटचे पैसे कूलरकडे वळवावेत. सर्वांत अवघड स्थिती वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली राहून दिवसभर कामावर जाणाऱ्याची, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तेथे बाटलीचा बर्फ दुपारीच वितळलेला असतो. अशाने एप्रिल-मेपुरत्या डब्या तळमजल्यावरच्या किंवा मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात राहणाऱ्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवाव्यात. नेताना सकाळी उन्हे चढण्यापूर्वी निघावे, डबीत ओलसर टिश्यूचा तुकडा घालावा, आणि नुकतीच कात टाकलेले पिल्लू आठवडाभर हलवू नये.