गॅट्सबी की बिलव्हेड?

अमेरिका स्वतःला काय समजते हे कादंबरीतून शोधायचंय आणि हाताशी जेमतेम महिना आहे? मग लांबलचक याद्या ठेवा बाजूला. निवड दोघींतच करा : फिट्झगेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) किंवा टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७).

गॅट्सबी नऊ प्रकरणांची, आठवड्यात संपते. कॉपीराइट संपल्यामुळे फुकटही मिळते. उत्तर डकोटातल्या शेतकऱ्याचा पोरगा जेम्स गॅट्झ नाव बदलतो, दारूबंदीच्या काळात बक्कळ पैसा करतो (कसा, ते वेगळं सांगायला नको) आणि मागचं सगळं पुसता येतं असं धरून चालतो. त्याची जुनी प्रेयसी डेझी आता दुसऱ्याची बायको आहे. नवऱ्यावर कधी प्रेमच केलं नाही, एवढं तिनं म्हटलं की मधली पाच वर्षं रद्द! बहुतेक वाचक डेझीच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्यापाशी रेंगाळतात. मी म्हणेन, पहिल्याच प्रकरणात जेवणाच्या टेबलावर डेझीचा नवरा टॉम गोऱ्या वंशाच्या काळजीनं जे बरळतो, ते दोनदा वाचा. नव्यानं जन्म घेण्याची ही मुभा कोणाला होती, ते तिथं कळतं.

आणि कोणाला नव्हती, ते बिलव्हेडमध्ये. १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई केंटकीतून नदी ओलांडून ओहायोत पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा तिनं आपल्याच मुलीला मारलं. ओहायोत गुलामगिरी नव्हती, पण १८५०च्या कायद्यानं मालकाला तिथूनही माणूस ओढून नेता येत होता. मॉरिसनची नायिका सेथा या घटनेतून उभी राहिली. गॅट्सबी भूतकाळ पुसू बघतो. सेथाच्या घरात भूतकाळ राहायलाच येतो.

मराठी वाचकाला इथं एक जास्तीचा धागा सापडतो. बिलव्हेड सुरू होते १८७३मध्ये. त्याच वर्षी जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केलेली. ज्या मुक्तीचं पुण्यात असं कौतुक झालं, ती ओहायोतल्या सिनसिनाटीत, सेथाच्या घरात कशी जगली जात होती, हे शेजारी ठेवून वाचता येतं. सेमिनारला विषय हवा असेल तर हा घ्या. गॅट्सबीवर लिहिलंत तर गाइडमधलंच पुन्हा उतरवाल.

इंग्रजीची सवय सुटली असेल तर आधी गॅट्सबी उरकून घ्या. एकच वाचणार असाल तर मात्र बिलव्हेड. सुरुवातीला कोण जिवंत, कोण मेलेलं, याचाच पत्ता लागत नाही. वहीत नावं टिपत जा आणि थांबू नका.