क्योटोत एकच दिवस असेल तर: कुठे जावं, काय सोडावं

क्योटोला एक दिवस देणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा सारखीच असते: फुशिमी इनारी या देवस्थानाच्या शेंदरी कमानी, कियोमिझुदेरा मंदिराचा लाकडी मंच, सोन्याने मढवलेलं किंकाकुजी मंदिर आणि आराशियामाचं बांबूचं बन. चारही एका दिवसात उरकता येतात, पण मग उरकणंच होतं. इनारी शहराच्या दक्षिणेला, कियोमिझु पूर्वेला, किंकाकुजी वायव्येला आणि आराशियामा पार पश्चिमेच्या टोकाला. म्हणून कोणतं ठिकाण जास्त सुंदर हा वाद बाजूला ठेवा. कोणतं किती वाजता उघडतं आणि तिथे रेल्वे जाते का, एवढं आधी बघा.

इनारी आणि कियोमिझु या दोघांबद्दल एकच सल्ला सगळीकडे मिळतो: पहाटे जा. एका दिवशी पहाट एकच असते, तेव्हा निवड करावी लागते. आमचं मत कियोमिझुच्या बाजूने. ते सकाळी 6 वाजता उघडतं आणि एरवी संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतं. इनारीला ना तिकीट, ना बंद होण्याची वेळ. ते संध्याकाळसाठी ठेवलं तरी काही बिघडत नाही.

कियोमिझुचं तिकीट 500 येन. मंदिराची स्थापना 778 सालची, पण आज दिसतं ते मुख्य सभागृह 1633 मधलं. डोंगरउतारावर पुढे आलेला मंच 13 मीटर उंच आहे आणि तो झेल्कोव्हा या झाडाच्या लाकडी खांबांवर उभा आहे. खांबांना आडव्या तुळया आरपार घालून सांगाडा जुळवलाय, खिळा कुठेही नाही. गंमत अशी की मंचावर उभं राहिलं की मंच दिसत नाही. तो बघायचा तर पुढच्या वळणावरच्या ओकुनोइन या देवळापर्यंत जा, आणि मग खाली ओतोवाच्या धारेपाशी उतरून वर बघा. बरेच जण मंचावरूनच मागे फिरतात आणि बांधणीची खरी करामत बघायची राहून जाते. ओतोवाला तीन धारा पडतात आणि लांब दांड्याच्या पळीने पाणी प्यायचं असतं. पळ्या अतिनील किरणांच्या पेटीत निर्जंतुक करून ठेवलेल्या असतात. पाणी एकाच धारेचं प्यावं. तिन्हींचं पिणं म्हणजे हावरटपणा, असं मानतात.

पहाटे जाण्याचा तोटा एकच: निनेनझाका आणि सान्नेनझाका या उतरणीच्या गल्ल्यांतली दुकानं तेव्हा बंद असतात. खरेदी करायची असेल तर अडचण, पण गल्ल्यांचे फोटो हवे असतील तर हीच वेळ. केइहान रेल्वेच्या कियोमिझु-गोजो स्टेशनवरून वर यायला 20 ते 25 मिनिटं लागतात, आणि शेवटचा भाग चांगलाच चढाचा आहे. बसने गोजोझाका थांब्यावर उतरलात तरी दहा मिनिटांची चढण चुकत नाही.

आता इनारी. क्योटो स्टेशनवरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाइनची लोकल दुसऱ्याच थांब्याला, पाचेक मिनिटांत, 150 येनमध्ये पोचवते. त्याच फलाटावरून सुटणारी जलद गाडी मात्र इनारीला थांबत नाही. डब्यात चढण्याआधी पाटी वाचा. कियोमिझुकडून येत असाल तर केइहानची लोकल चौथ्या थांब्याला फुशिमी इनारीला सोडते.

इथे गर्दी होते ती पायथ्याच्या पहिल्या काही मिनिटांत, जिथे कमानींचे दोन बोगदे शेजारी शेजारी सुरू होतात. तिथे फोटोसाठी ताटकळत बसू नका, चालत राहा. योत्सुत्सुजी या चौकापर्यंत 30 ते 45 मिनिटांचा चढ आहे, तिथून खाली शहर दिसतं आणि गर्दीही निम्म्याच्या खाली आलेली असते. डोंगर फक्त 233 मीटरचा. पूर्ण फेरा साधारण चार किलोमीटर, दोन ते तीन तास. पण योत्सुत्सुजीच्या वर नवा देखावा नाही, छोटी देवळं आणि झाडी आहे. वेळ कमी असेल तर तिथूनच फिरा. चढताना कमानी कोऱ्या दिसतात आणि उतरताना प्रत्येक खांबावर काळी अक्षरं दिसतात, ती देणगीदाराची आणि तारखेची. इनारी मुळात भाताच्या पिकाचा देव, पुढे व्यापाराचाही झाला, म्हणून कंपन्यांची नावं जास्त. दगडी कोल्ह्यांच्या तोंडात काय आहे तेही बघा: कुणाच्या किल्ली, कुणाच्या भाताची लोंबी. अंधार पडल्यावर वरच्या टप्प्यात दिवे विरळ आहेत आणि डोंगरात रानडुकरं आहेत. रात्री योत्सुत्सुजीच्या पुढे जाऊ नये.

सकाळ आणि संध्याकाळ अशी ठरली. मधली दुपार कुठे घालवायची, इथे खरा निर्णय आहे.

आराशियामा दुपारसाठी नाहीच. क्योटोहून जेआरने सागा-आराशियामा 15 मिनिटांवर, 240 येन. पोचणं सोपं आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. बांबूची वाट फक्त 400 मीटरच्या आसपास. सकाळी नऊनंतर तिथे बांबूपेक्षा डोकी जास्त दिसतात. (बांबूंवर नावं कोरलेलीही दिसतील. आपल्या गडांवर जे बघून चीड येते, तेच.) आठच्या आत जाता येत असेल आणि मग साडेआठला उघडणाऱ्या तेन्र्यूजी मठाची बाग बघून तिच्या उत्तर दाराने परत बनात येता येत असेल, तर जरूर जा. पण मग कियोमिझुची पहाट सोडावी लागेल.

किंकाकुजी दुपारी चालतं. तळ्याच्या दक्षिण काठावरून बघताना ऊन बहुतेक वेळ तुमच्या पाठीशी असतं आणि सोनं उजळलेलं दिसतं. मूळ वास्तू 1397 ची. 1950 मध्ये मठातल्याच एका तरुण भिक्षूने आग लावली आणि 1955 मध्ये ती पुन्हा उभी राहिली. तिकीट 500 येन, वेळ 9 ते 5. आत जाता येत नाही, वाट एकेरी आहे आणि 40 मिनिटांत बाहेर. तेवढ्यासाठी क्योटो स्टेशनवरून 205 नंबरच्या बसमध्ये 40 मिनिटं उभं राहायचं का? त्यापेक्षा मेट्रोने किताओजीला जा आणि तिथून बस घ्या, भरवशाचं हेच. शहर बसला मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे 230 येन टाकायचे. मशीन सुट्टे देतं ते हजाराच्या नोटेचेच, दहा हजाराची नोट तिथे उपयोगाची नाही. जुन्या लेखांतून शिफारस होणारा फक्त बसचा एक दिवसाचा पास आता बंद झालाय. मेट्रो आणि बस मिळून 1100 येनचा मिळतो.

या दोघांपेक्षा मराठी वाचकाने दुपारी सांजुसांगेन्दो या मंदिरात जावं, असं आम्ही म्हणू. केइहानच्या शिचिजो स्टेशनजवळ, म्हणजे कियोमिझुहून इनारीला जाताना वाटेवरच, बसची भानगड नाही. 120 मीटर लांब सभागृहात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या (अवलोकितेश्वराच्या) 1001 मूर्ती ओळीने उभ्या आहेत, आणि त्यांच्यापुढे 28 रक्षक देवता. त्यांतले बोनतेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, आणि बासरी वाजवणारा पंखवाला कारुरा म्हणजे आपला गरुड. तिकीट 600 येन, फोटोला मनाई. सगळं सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांनाही जमतं. बूट काढावे लागतात आणि हिवाळ्यात लाकडी जमीन बर्फासारखी लागते. जाड मोजे घाला.

शाकाहारींनी एवढं ध्यानात ठेवावं: इनारीच्या पायथ्याशी मिळणारी इनारी-झुशी (तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात) दिसते शाकाहारी, पण तिचा तोफू बहुतेकदा माशाच्या दाशीत, म्हणजे रश्श्यात, शिजवलेला असतो. खात्रीचं जेवण तेन्र्यूजीच्या आवारातल्या शिगेत्सूमध्ये मिळतं. ते बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, म्हणजे शोजिन र्‍योरी, त्यात कांदा-लसूणही नसतो. आराशियामाला सकाळी जाणार असाल, तर जेवणापर्यंत थांबायला हे एक चांगलं कारण आहे.