आतड्याच्या जोडाला आधार: फायब्रिन ग्लू की ओमेंटम?

टाके मनासारखे बसलेत, कडा गुलाबी आहेत, ताण नाही. तरी पोट बंद करण्याआधी हात घुटमळतोच: जोड गळू नये म्हणून वरून अजून काही घालावं का? मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून हे चार शब्द.

फायब्रिन ग्लू दिसायला देखणा. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारी दोन प्रथिनं, नॉझलच्या तोंडाशी एकत्र येतात, काही सेकंदांत पारदर्शक पापुद्रा धरतो. जोडाची पुढची बाजू तर अशी झाकली जाते की फोटो काढावा. घोडं अडतं मागच्या बाजूला. आतडं उलटवायला, थोडं रक्त टिपायला म्हणून हात थांबला, की नॉझल आतून गोठून बंद. सिस्टर नवं टोक लावतात, मी दोन थेंब सोडतो, पुन्हा तेच. खोल पेल्व्हिसमध्ये, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी, तर ग्लू जोडावर राहण्याऐवजी ओघळून खाली साचतो. शेवटी निम्मा सिरिंजमध्येच राहतो आणि बिल नातेवाइकांच्या हातात पूर्ण जातं. जिथे माझी नजर पोचत नाही नेमकी तिथेच ही वस्तू पोचत नसेल, तर ती घ्यायची कशासाठी? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

जोडावर लावायच्या, प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या पट्ट्यांचं थोडक्यात सांगतो. कुठली गाईच्या हृदयावरच्या आवरणाची, कुठली डुकराच्या आतड्याच्या थराची. रुग्णाला हे आधी सांगावंच लागतं. तुळशीची माळ घातलेल्या एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, माझं आहे तेवढंच शिवा." विषय संपला.

आता ओमेंटम. रुग्णाच्याच पोटातला चरबीचा पदर, फुकटचा, स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन आलेला. अल्सर फुटला की आपण ग्रॅहम पॅच लावतो तो हाच. पण खरं ते सांगायला हवं: मोठं आतडं आणि गुदाशयाच्या जोडांवर फ्रान्समध्ये 712 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात ओमेंटम गुंडाळल्याने ना गळती कमी झाली, ना तिची तीव्रता. ग्लूच्या बाजूनेही ठाम म्हणावा असा पुरावा मला दिसलेला नाही. म्हणजे कागदावर दोघे सारखेच.

तरी माझा हात ओमेंटमकडेच जातो. माझ्या एका रुग्णाला सहाव्या दिवशी ताप आला. सीटीत जोडाशेजारी लहानसा पू, भोवती ओमेंटम चिकटून बसलेलं. पिगटेलवर, म्हणजे पू काढणाऱ्या बारीक नळीवर, भागलं, पोट पुन्हा उघडावं लागलं नाही. एका रुग्णावरून नियम होत नाही, कबूल. पण तो सीटी डोळ्यांसमोरून जात नाही.

करायचं ठरवलंत तर डावीकडची गॅस्ट्रोएपिप्लोइक, म्हणजे जठराच्या कडेने ओमेंटमला रक्त देणारी वाहिनी, सांभाळून ते पुरेसं लांब सोडवा. पीळ पडू देऊ नका, नाहीतर तेच काळं पडेल. मफलरसारखं आवळूही नका, जोडाला सूज येणारच असते. आधी मागून सरकवा, मग पुढे आणा, दोन-तीन सैल टाके पुरे.

बारीक अंगाच्या किंवा आधी ऑपरेशन झालेल्या माणसात कधी कधी हा पदर हाती येण्याजोगा नसतोच. तेव्हा मात्र मी ग्लू मागवतो. सिस्टर न सांगता ट्रेमध्ये दोन जादा नॉझल ठेवतात.